रोइंग मशीनच्या आधी आणि नंतर: वडगावच्या व्यायामशाळेतल्या नोंदी

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

दिवाळीनंतर व्यायामशाळा आज उघडली. बेळगावातल्या वडगावच्या या खोलीत दोन रोइंग मशीन आहेत, म्हणजे बसून होडी वल्हवल्यासारखं हँडल ओढायची मशीनं. दोन्ही सेकंडहँड, हवेच्या पंख्यावर चालणारी. एक दाराकडे, एक खिडकीकडे. सकाळी साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी सहा ते साडेआठ लोक येतात. यंत्रमागावरचे, उद्यमबागेत फाउंड्रीत जाणारे, भरतीची तयारी करणारी पोरं, काही बायका आणि दोन-तीन निवृत्त मंडळी.

दिवाळीआधी तिघांनी कंबर धरली आणि यायचं बंद केलं. रोइंगमध्ये सगळ्यात जास्त दुखतो तो कमरेचा खालचा भाग, त्यामुळे दुखणं नवीन नाही. पण तिघेही सकाळच्या पहिल्या खेपेतले होते, संध्याकाळचं कुणीच नाही. हे मला खटकलं.

म्हणून हे काम हाती घेतलंय. मशीनवर बसण्याआधी अंग कसं तापवायचं आणि उतरताना कसं निवू द्यायचं, याचा तक्ता भिंतीवर लावायचा आणि तो लोकांच्या अंगवळणी पडेपर्यंत दुरुस्त करत राहायचा. गावोगावच्या तालमींत आता अशी मशीनं यायला लागली आहेत. निपाणी-खानापूरकडे कुणी हेच करत असेल तर आमचा गेलेला वेळ त्यांचा वाचावा, म्हणून लिहून ठेवतोय.

आज कुणालाही काही न सांगता नुसतं बघत बसलो. जवळजवळ सगळे आले, पायांच्या पट्ट्या आवळल्या, पंख्याच्या बाजूची आकड्यांची दांडी १० वर नेली आणि पहिल्याच ओढीला जोर लावला. उतरताना हँडल सोडलं, ताडकन उठले आणि थेट पंख्याखाली.

१३ नोव्हेंबर

तक्त्याआधी मशीनच बघावं लागलं. दांडी १० वर म्हणजे जड आणि जड म्हणजे चांगला व्यायाम, असा इथे समज आहे. खरं तर दांडी फक्त पंख्यात किती हवा जाणार एवढंच ठरवते. मशीन प्रत्यक्षात किती जड चाललंय ते मॉनिटरच्या मेनूत ड्रॅग फॅक्टर म्हणून दिसतं.

दोन्ही दांड्या ५ वर ठेवून आकडा पाहिला. दाराकडचं ११२, खिडकीकडचं ८४. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर आहे, इथली हवा किनाऱ्यापेक्षा विरळ, म्हणून आकडा थोडा कमी येतो हे ठीक. पण एकाच खोलीतल्या दोन मशीनांत एवढा फरक हवेमुळे पडत नाही. खिडकीकडच्या मशीनच्या पंख्याचं कव्हर उघडलं, तर आतल्या जाळीवर कापसाची तूस नमद्यासारखी दाट बसलेली. खिडकीला लागूनच यंत्रमागाची शेड आहे. शेजारच्या घरातून व्हॅक्यूम क्लीनर आणून जाळी साफ केली. आकडा १०९ वर आला.

कमरेच्या दुखण्याचं एक कारण इथेच सापडलं. तुसानं भरलेलं मशीन हलकं लागायचं म्हणून लोक दांडी १० वर न्यायचे. तीच सवय घेऊन दाराकडच्या मशीनवर बसले, की थंड अंगावर पहिलीच ओढ भलतीच जड पडायची. आता दोन्ही मशीनवर ड्रॅग ११०च्या आसपास येईल तिथे तांबड्या ऑइलपेंटनं खूण केली आहे. अंग तापवताना दांडी त्या खुणेच्या वर न्यायची नाही. खिडकीला नायलॉनची जाळी लावली, ३४० रुपये.

१८ नोव्हेंबर

पहिला तक्ता लागला. रोइंग शिकवणारे बहुतेक जण वापरतात तोच क्रम घेतला. आधी १ मिनिट फक्त हात, पाय सरळ. मग १ मिनिट हात आणि पाठ. मग सीट अर्ध्यापर्यंत आणून १ मिनिट, पुढे पूर्ण स्ट्रोक, म्हणजे पाय, पाठ आणि हात मिळून एक ओढ, २ मिनिटं. मिनिटाला १८ ते २० स्ट्रोक, त्याहून जास्त नाही. त्यानंतर ५ मिनिटं हळूहळू वाढवत न्यायचं. एकूण दहा मिनिटं.

हळू म्हणजे किती, हा प्रश्न पहिल्याच तासाला आला. मॉनिटरवर ५०० मीटर कापायला लागणारा वेळ दिसतो, त्यावरून नियम बांधला: मुख्य व्यायाम ज्या वेळेनं करणार, त्याहून निदान ३० सेकंद जास्त. ऐकायला फरक लहान वाटतो. पण या मशीनवर वेग आणि ताकद यांचं नातं घनाचं आहे. २:०० ला सुमारे २०३ वॅट लागतात आणि २:३० ला सुमारे १०४, म्हणजे निम्मेच. पोरांना वॅटचा आकडा दाखवला तेव्हा पटलं.

संध्याकाळची खेप चांगली गेली. पोरांचा हात आधी वाकायचा आणि पाय मागून लागायचे, तेही या क्रमानं सुधारायला लागलंय.

२२ नोव्हेंबर

सकाळच्या खेपेत तक्ता चालत नाहीये. दिवाळीआधी कंबर धरलेल्यांपैकी एकजण परत आला आणि तक्त्याप्रमाणे करूनही दुसऱ्या मिनिटाला थांबला. "सर, हात-पाठ करताना कमरेत चमकतंय की हो."

त्याला विचारलं, उठून किती वेळ झाला? म्हणाला, तोंड धुतलं आणि आलो. घर याच गल्लीत.

इथे गाठ सुटली. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. उठल्याउठल्या पाठ पुढे वाकवली की त्यांच्यावर आणि मागच्या स्नायुबंधांवर दिवसापेक्षा कितीतरी जास्त ताण येतो. उभं राहून हालचाल सुरू झाली की ती फूग उतरते, आणि बरीचशी पहिल्या तासाभरातच. आमच्या तक्त्यात दुसऱ्याच मिनिटाला पाठ वाकवायला सांगितलेलं. संध्याकाळी हाच क्रम सोसतो, कारण माणूस दिवसभर उभा असतो.

सकाळसाठी क्रम उलटा केला. आधी खोलीबाहेर ५ मिनिटं चालायचं. मग १५ बैठका, घाई न करता. त्यानंतर मशीनवर फक्त पाय: हात सरळ, पाठ किंचित पुढे झुकलेली आणि तशीच धरलेली, सीट फक्त पायांनी मागे ढकलायची. हे २ मिनिटं. मग त्यात पाठ मिळवायची, शेवटी हात. उभ्यानं पायाचे अंगठे धरण्याचा प्रकार सकाळच्या तक्त्यातून काढून टाकला.

बैठकांची सूचना आमच्या एका काकांची. तरुणपणी आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्ती खेळलेले. त्यांचं म्हणणं, तालमीत पहाटे आल्याबरोबर कुणी कुणाला चितपट करायला जात नसे, मांड्या पेटल्याशिवाय वस्ताद लाल मातीत पाऊल टाकू द्यायचे नाहीत. रोइंगचा जोरही पायांतूनच येतो, त्यामुळे ही गोष्ट इथे चपखल बसली.

२९ नोव्हेंबर

थंडी वाढली आहे. पहाटे शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहवत नाही. रबरी मॅट आणली, १,९०० रुपये. या कामातला सगळ्यात मोठा खर्च हाच, पण मॅट नसती तर जमिनीवरचं काहीच कुणी केलं नसतं.

भरतीवाल्या पोरांचा प्रश्न वेगळा निघाला. ती येळ्ळूर रस्त्यानं धावत येतात, आल्यावर घामेजलेली असतात. त्यांना पुन्हा दहा मिनिटं करायला लावणं म्हणजे त्यांचा वेळ फुकट घालवणं. त्यांच्यासाठी ३ मिनिटांचे पूर्ण स्ट्रोक, हात आणि पाठ मोकळी होण्यापुरते, आणि शेवटी पाच-सात जोरदार ओढी. पण मशीन रिकामं नसलं की हीच पोरं दाराबाहेर पायरीवर पंधरा-वीस मिनिटं बसून राहतात. पहाटेच्या गारठ्यात ओल्या बनियनवर तापलेलं अंग कुठे टिकतं? नंतर बसली की स्ट्रोक आखडलेले. म्हणून आता नियम: दहा मिनिटांहून जास्त थांबावं लागलं तर अंगात स्वेटर, आणि तक्ता पहिल्यापासून.

एव्हाना माझं मत पक्कं झालंय. सगळ्यांना एकच वॉर्म-अप देणं चुकीचं. माणूस कुठून उठून आला, अंथरुणातून, मागावरून, भट्टीजवळून की रस्त्यावरून धावत, हे आधी विचारायचं आणि मगच मिनिटं ठरवायची.

३ डिसेंबर

फाउंड्रीतल्या मामांचं बघितलं. आठ तास भट्टीजवळ उभे राहून येतात. अंग गरमच असतं, म्हणून ते वॉर्म-अप टाळायचे आणि त्यात तथ्यही आहे. अडचण घोट्यात होती. दिवसभर जड बुटात उभं राहून पोटऱ्या इतक्या आखडलेल्या, की सीट पुढे आली की टाचा वितभर उचलल्या जायच्या आणि तेवढी कसर ते पाठ वाकवून भरून काढायचे. पाय ठेवायच्या पट्टीला उंची बदलायची भोकं असतात. पट्टी दोन भोकं खाली घेतली. पायाचा बंद बोटांच्या मुळाशी, पाऊल जिथं वाकतं तिथं येईल असा बांधला. बसण्याआधी भिंतीला हात टेकून पोटऱ्या हलक्या झुलवायच्या, प्रत्येक पायाला १५ वेळा. ताणून धरायचं नाही. स्नायू मिनिटभर किंवा त्याहून जास्त ताणून धरला तर काही वेळ त्याची ताकद कमी होते, म्हणून ते काम शेवटी. आणि सगळ्यात आधी पाणी. भट्टीवरून आलेल्या माणसानं दोन पेले पाणी पिऊन दहा मिनिटं थांबणं हाच त्याचा वॉर्म-अप.

मागावरच्या मंडळींची मान आणि खांदे पुढे आलेले असतात. त्यांच्यासाठी एक जुना टॉवेल दोन्ही हातांत रुंद धरून डोक्यावरून मागे-पुढे नेणं. दहा वेळा पुरतं.

९ डिसेंबर

आज उतरण्याच्या भागाला हात घालावाच लागला. निवृत्त गुरुजींनी शेवटची दोन मिनिटं जोरात ओढली, हँडल ठेवलं, उभे राहिले आणि भिंत धरली. चेहरा पांढरा, कपाळावर थंड घाम. लगेच मॅटवर निजवलं, पाय खुर्चीवर ठेवले. दोन-तीन मिनिटांत रंग आला. "डोळ्यापुढं अंधारी आली बघा," एवढंच बोलले. घरी मुलाला फोन करून बोलावलं आणि आजच डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

कारण साधं आहे. जोरात व्यायाम चालू असताना पायांतल्या शिरा रुंद झालेल्या असतात आणि तिथलं रक्त वर चढवायला पायांच्या स्नायूंची आवळ-सोड मदत करते. पाय एकदम थांबले की रक्त खालीच रेंगाळतं, रक्तदाब पडतो आणि मेंदूला कमी पोचतं. मशीनवर माणूस बसलेला असतो, तिथून ताडकन उभा राहिला की भर पडते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर धोका जास्त.

तक्त्याला दुसरा अर्धा जोडला: मुख्य व्यायाम संपला की हँडल ठेवायचं नाही, ५ मिनिटं ५०० मीटरचा वेळ वाढवत, म्हणजे हळू होत न्यायचं, शेवटची दोन मिनिटं नुसती सीट मागे-पुढे. मग पाय सोडवून सीटवरच मिनिटभर बसायचं. मग उठायचं.

१२ डिसेंबर

पाच मिनिटांचा नियम दोन दिवसांतच मोडला. लोकांना पटलेलं आहे, पण रांग आहे. बेळगावात विधिमंडळाचं अधिवेशन चालू असल्यामुळे हायवेवर गर्दी, उद्यमबागेकडची मंडळी उशिरा आणि एकदम येतात. मशीन दोन, प्रत्येकाला अर्धा तास. मागचा माणूस डोक्यावर उभा असताना कोण रिकामी सीट मागे-पुढे करत बसेल? सगळे मुख्य व्यायाम पूर्ण करतात आणि निवायची मिनिटं रांगेला देऊन टाकतात.

१६ डिसेंबर

तोडगा असा काढला. मशीनवर निवायचं ते फक्त २ मिनिटं, बाकीचं खोलीबाहेरच्या पडवीत चालून. पडवीच्या भिंतीवर सेकंदकाट्याचं मोठं घड्याळ लावलं, ४५० रुपये. मानेजवळ किंवा मनगटावर बोट ठेवून १५ सेकंद ठोके मोजायचे, चारानं गुणायचं. १००च्या आसपास येईपर्यंत चालत राहायचं, बसायचं नाही, पंख्याखाली जायचं नाही. कुणाला चार मिनिटं लागतात, कुणाला नऊ.

अजून एक गोष्ट बदलली. इथली पद्धत होती की उतरणाऱ्यानं सीटची पट्टी आणि हँडल पुसून द्यायचं. चांगली पद्धत, पण दमलेला माणूस उतरल्याउतरल्या कमरेत वाकतो, डोकं खाली, आणि उठताना भोवळ. आता पुसायचं काम पुढच्या माणसाचं. तो गुडघ्यावर बसून पट्टी शेवटपर्यंत पुसतो, तेवढंच त्याचं अंग हलायला लागतं. एका अक्कांना आधी हे पटलं नाही, दुसऱ्याचा घाम आपण का पुसायचा म्हणून. कारण सांगितल्यावर सगळ्यात काटेकोरपणे त्याच पाळतात. स्पिरिटची बाटली आणि फडकं प्रत्येकाचं वेगळं ठेवलं.

२० डिसेंबर

गुरुजी डॉक्टरांच्या परवानगीनं परत आले. नव्यानं कळलं की त्यांच्या गोळ्यांत बीटा ब्लॉकर आहे. या औषधानं ठोके मुळातच वाढू दिले जात नाहीत, त्यामुळे १०० चा नियम त्यांच्यासाठी निरुपयोगी. ते उतरतात तेव्हाच ठोके ९६ असतात, आणि धाप मात्र लागलेली.

त्यांच्यासाठी बोलण्यावरून माप काढलं. अंग तापवताना तेराचा पाढा एका दमात, न अडखळता म्हणता आला पाहिजे; मुख्य व्यायामात दर दोन ओळींनी श्वास लागला तर चालेल; उतरल्यावर पुन्हा पूर्ण पाढा सरळ म्हणता येईपर्यंत पडवीत चालायचं. जन्मभर पोरांकडून पाढे म्हणवून घेतलेला माणूस, त्यांना हे मनापासून आवडलं. आता ठोके मोजायचा कंटाळा असलेले आणखी काहीजण पाढ्यावरच चालतात. मला तेही चालतं, माप बरोबर बसतंय.

२७ डिसेंबर

तक्ता पेंटरकडून फळ्यावर रंगवून घेतला होता, ६०० रुपये. त्यात एक ओळ होती, "शेवटी अंग निववलं तर दुसऱ्या दिवशी दुखणार नाही." पोरांनी बरोबर पकडलं: सगळं नीट करूनही मांड्या दुखतातच. नव्या किंवा जास्त जोराच्या व्यायामानंतरचं दुखणं एक ते तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतं आणि हळू चालण्यानं ते फारसं कमी होत नाही. निवण्याचा उपयोग त्याच दिवशी, त्याच अर्ध्या तासात: ठोके आणि रक्तदाब सावकाश जागेवर येणं, भोवळ टळणं. ओळ पुसून तिथे "उठण्याआधी सीटवर एक मिनिट" असं लिहून घेतलं. पेंटरचे आणखी २५० गेले. पण फळ्यावर खोटी ओळ राहिली असती, तर बाकीच्या खऱ्या ओळींवरूनही लोकांचा विश्वास उडाला असता.

ताणण्याचे प्रकार याच ठिकाणी बसवले, चालून झाल्यावर मॅटवर: मांडीचा पुढचा आणि मागचा भाग, जांघ, पोटऱ्या, छाती, मनगटाच्या वरचा भाग. प्रत्येकी ३० सेकंद. जांघ कुणीही चुकवायची नाही, रोइंगमध्ये ती सतत दुमडलेली असते.

४ जानेवारी २०२५, शनिवार

पोरांची २,००० मीटरची चाचणी घेतली. एवढ्या जोराच्या कामाला नेहमीची दहा मिनिटं पुरत नाहीत. वीसेक मिनिटं दिली: १० मिनिटं हळू, मग ज्या वेळेनं चाचणी मारायची त्या वेळेनं १० ओढी, दीड मिनिट अगदी हळू, असं चार वेळा. मग उतरून ४ मिनिटं चालायचं, पाणी, आणि बसायचं. दोघांनी मधल्या जोराच्या ओढी गाळल्या, दम राखून ठेवतो म्हणाले. त्यांचे पहिले ५०० मीटर बरे गेले आणि दुसऱ्यात दोघांचीही धाप सुटली. बाकीच्यांचा वेग शेवटपर्यंत फारसा पडला नाही. एका चाचणीवरून निकाल लावत नाही, पण पुढच्या वेळी गाळू देणार नाही.

चाचणीनंतर कुणालाही पाच मिनिटांत सोडलं नाही. दहा मिनिटं, आणि त्यानंतरही पडवीत माझ्या नजरेसमोर.

१४ जानेवारी

संक्रांत. सकाळी तिळगूळ वाटून झाल्यावर फळा शेवटचा तपासला. एका मैत्रीपूर्ण शेजाऱ्यानं कन्नडमध्येही लिहून दिलाय, दोन्ही आता शेजारी-शेजारी आहेत. कंबर धरलेल्या तिघांपैकी दोघे नियमित येतात. तिसऱ्यांना डॉक्टरांनी अजून विश्रांती सांगितली आहे.

आतापर्यंतचा खर्च: जाळी ३४०, मॅट १,९००, घड्याळ ४५०, पेंटर दोन्ही वेळचे मिळून ८५०, साखळीचं तेल ९०. एकूण ३,६३०. यातली मॅट आणि घड्याळ आधीपासून असेल तर काम दीड हजाराच्या आत होतं. आमचा खरा वेळ गेला तो सकाळ-संध्याकाळला एकच तक्ता लावण्यात आणि रांगेचा विचार न करता मिनिटं ठरवण्यात. नव्यानं सुरू करणाऱ्यांनी आधी दोन गोष्टी बघाव्यात: मशीनचा ड्रॅग, आणि माणसं कुठून उठून येतात.

अडलेलं एक काम आहे. रात्री आठनंतर येणारे अजून पडवीत चालत नाहीत, साडेआठला कुलूप लागतं म्हणून. सोमवारपासून त्यांची मशीनची वेळ २५ मिनिटांची करतोय आणि किल्ली माझ्याकडे नऊपर्यंत ठेवतोय. पंख्याची जाळी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी साफ करायची, साखळीला ५० तास वापरानंतर चमचाभर तेल, ही दोन्ही कामं भरतीवाल्या पोरांनी घेतली आहेत. मार्चमध्ये ऊन तापलं की वॉर्म-अपची मिनिटं कमी आणि निवायची जास्त करावी लागतील, तेव्हा ठोक्यांची वही पुन्हा भरायला घेईन.